शेवटचे बटण

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, तेव्हा आमच्या घरात जी करमणूक झाली ती काही विचारू नका. माझ्या लेकीने स्वतःच्या वह्यांबरोबर माझ्याही वह्यांना खाकी कव्हरे घातली, आणि पहिल्या दिवशी मी डबा पिशवीत टाकताना ‘हे’ गंभीरपणे म्हणाले, “मधल्या सुट्टीत कुणाशी भांडू नकोस हं!”

विशेष शिक्षिकेची ती दोन वर्षांची पदविका होती. पूर्वी ज्यांना मतिमंद म्हणत आणि २०१६ च्या कायद्यापासून ज्यांच्या स्थितीला बौद्धिक अक्षमता म्हणतात, त्या मुलांना शिकवण्याची. नुसत्या मायेवर हे काम होत नाही, असे सरकारलाही वाटते. १९९२ च्या कायद्याने नेमलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही.

मला मात्र वाटत होते, की आपल्याला यातले निम्मे आधीच येते. कारण आमच्या घरी बाळ होता.

बाळ माझा धाकटा भाऊ. वय वर्षे अडतीस. तिसरीत असताना शाळेने त्याला घरी पाठवले ते कायमचे. तेव्हापासून आईने त्याला फुलासारखे जपले. आंघोळ, कपडे, भांग, जेवताना भात कालवून देणे, सगळे ती करी. मी माहेरी असेपर्यंत मीही करीत असे. “तुमच्या घरी त्या मुलाचं किती करतात!” असे नारायण पेठेतले सगळे शेजारी म्हणत, आणि ते ऐकून आम्हाला बरे वाटे.

पहिल्या सत्रात आमच्या बाईंनी एक प्रश्न फळ्यावर लिहिला : ‘शर्टाचे एक बटण लावायला किती पायऱ्या लागतात?’

वर्गात खसखस पिकली. माझ्या शेजारची विशीतली मुलगी म्हणाली, “एक!” बाई हसल्या. त्यांनी प्रत्येकीला लोकरीचे जाड हातमोजे दिले, एकेक शर्ट दिला आणि म्हणाल्या, “लावा.”

दहा मिनिटांत आमची सगळ्यांची जिरली. बटण सापडेना, सापडले तर काज सापडेना, दोन्ही सापडली तर बोटांतून निसटू लागली. मग आम्ही मोजायला बसलो. एका हाताच्या चिमटीत बटण धरायचे. दुसऱ्या हाताने काजाची कड धरायची. दोन्ही जवळ आणायची. बटण अर्धे आत सारायचे. काजाकडच्या हाताने ते पलीकडून पकडायचे. पहिला हात सोडायचा. आणि पलीकडून बटण ओढून घ्यायचे. मोजून सात!

“आता यातली कुठली पायरी मुलाला आधी शिकवाल?” बाईंनी विचारले.

“पहिली,” आम्ही एका सुरात म्हटले.

“नाही. शेवटची.”

याला आमच्या शास्त्रात उलटी साखळी म्हणतात. सहा पायऱ्या आपण करायच्या आणि शेवटची ओढ तेवढी मुलावर सोडायची. बटण लागते ते त्याच्या हातून. ‘मी लावलं!’ हा आनंद त्याला पहिल्या दिवशीच मिळतो. ती पायरी पक्की झाली, की आपण एक पायरी मागे सरायचे. मग आणखी एक. “शिक्षिकेचं काम असं मागे मागे सरत जाण्याचं आहे,” बाई म्हणाल्या. “एक दिवस तिथं तुम्ही नसलात तरी चाललं पाहिजे.”

ही विद्या काही आजची नाही. १८०० साली फ्रान्समध्ये आव्हेरोंच्या रानातून एक मुलगा माणसांत आला. त्याला बोलता येत नव्हते. पॅरिसमधल्या इतार नावाच्या तरुण डॉक्टरने पाचएक वर्षे त्याच्यापाशी घालवली. मुलगा बोलायला असा शिकला नाहीच, पण शिकवण्याची एक रीत मागे राहिली. इतारच्या पाठोपाठ सेगाँने ती वाढवली, आणि त्या दोघांच्या लिखाणावरून रोममध्ये मारिया मॉन्टेसरीने आधी मंदबुद्धी म्हटल्या जाणाऱ्या मुलांना शिकवले. मग १९०७ साली, एका गरीब वस्तीत, बाकीच्या मुलांना. आपली मुले मॉन्टेसरीच्या बालवर्गात बटणे लावायची लाकडी चौकट घेऊन बसतात, तेव्हा ती बाळसारख्या मुलांचेच थोडे ऋण फेडीत असतात.

हे सगळे मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. अडतीस वर्षे बाळची सातही पायऱ्या आम्हीच चढत होतो. आई अडुसष्ट वर्षांची झाली होती. ती नसेल त्या दिवशी बाळच्या शर्टाची बटणे कोण लावणार होते?

शनिवारी माहेरी गेले. बाळपुढे बसून शर्टाचे खालचे बटण अर्धे काजातून काढले आणि म्हटले, “ओढ.” त्याने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. त्याला वाटले, आपले काही चुकले.

“कशाला त्याला त्रास देतेस?” आई म्हणाली. “मी आहे ना!”

“आई, तू नसशील तेव्हा?”

बोलून गेले आणि जीभ चावली. आई बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं मी चुकलेच का गं?”

या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हते. ज्या काळी तिला कुणी काही सांगितले नाही, शाळेने दार लावून घेतले, त्या काळी तिने आपल्या दोन हातांनी जे जमले ते केले. यात चूक तिची, की दार लावणाऱ्यांची? हे मला तेव्हा तिला सांगता आले नाही. मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले.

पुढल्या शनिवारी गेले, तर आईने स्वतःहून विचारले, “रोज किती वेळ करायचं ते?”

शिकवणे बाळला फारसे जड गेले नाही. जड गेले ते आईला. त्याची बोटे अडखळली, की तिचा हात आपोआप पुढे येई. शेवटी तिनेच तोड काढली. लक्ष वातींचा नेम तिच्या मनात केव्हाचा होता, वेळ मिळत नव्हता. बाळ बटणाशी झटू लागला, की ती कापूस घेऊन समोर बसे आणि वाती वळी. हात गुंतलेले राहिले, म्हणजे पुढे येत नाहीत! माझ्या पाठ्यपुस्तकात ही पद्धत नव्हती. बाईंना सांगितली, तेव्हा त्यांनी ती आपल्या वहीत लिहून घेतली.

बाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, अडतीस वर्षांच्या माणसाला बाळ म्हणू नका. ते मात्र आम्हाला अजून साधलेले नाही. आई त्याला पाळण्यातल्या नावाने हाक मारते, तेव्हा तो मागे वळून दुसरे कुणी आले का ते बघतो.

गेल्या नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले. बाळने नवा शर्ट घातला आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाच बटणे. बाहेर फटाके वाजत होते. आई वाती वळीत होती, मी उगाचच रांगोळीचे डबे पुसत होते. पुष्कळ वेळाने तो वळला.

बटणे लागली होती. फक्त एकेक काज चुकले होते, त्यामुळे शर्टाची एक बाजू वर आणि एक बाजू खाली झाली होती. आईचा हात उचलला गेला. तसाच क्षणभर थांबला, आणि पुन्हा कापसाकडे गेला.

फराळाला मामी आल्या. बाळकडे पाहून म्हणाल्या, “अगं बाई, बटणं वरखाली लागलीत की!”

“असू देत,” आई म्हणाली. “त्याची त्यानं लावलीत.”