मान आणि तराजू

परवा खंडाळ्याच्या बाजारात हातगाडीवाला आणि दुकानदार जागेवरून भांडले. मध्ये पडायला कोणी नाही. मीसुद्धा बघतच उभा राहिलो.

शेटे, महाजन ही आज आपल्याला नुसती आडनावं वाटतात. शिवकाळात, पेशवाईत ती पेठेची वतनं होती. शेट्याला विड्याचा, शिरपावाचा मान. पण कामही होतं: पेठ वसवायची, बाहेरगावचे उदमी आणायचे, व्यापाऱ्यांचे तंटे तोडायचे. गोतसभेच्या महजरावर पाटलाची निशाणी नांगर, तशी शेट्याची तराजू.

आता वतनं गेली, ते बरंच झालं. पण व्यापाऱ्यांचे पदाधिकारी आजही आहेत, शाल-श्रीफळ, फ्लेक्सवरचे फोटो चालूच आहेत. मंडळी, मान खुशाल घ्या. फक्त भांडण पेटलं की तराजू घेऊन बाजारात या.