बान चियांगची मडकी

मुलांनो, पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काडेपेटीचे छाप, शंखशिंपले... तुमच्यापैकी कुणी ना कुणी काहीतरी जमवत असेलच. पण मडकी जमवणारा कुणी भेटलाय का तुम्हांला? मडकी म्हणजे साधी, मातीची. पण दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची! जगात असे हौशी लोक पुष्कळ आहेत. चीन, जपान, कोरिया, थायलंड अशा देशांतल्या प्राचीन भांड्यांसाठी ते भलीमोठी रक्कम मोजतात. या हौसेपायी एका गावाची जमीन कशी उकरली गेली, ते पाहायला आज आपण थायलंडला जाऊ या.

बँकॉकहून रात्रीची आगगाडी पकडायची. साडेपाचशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून ती सकाळी ईशान्येकडच्या उदोन थानी या शहरात पोचते. तिथून पूर्वेला, सकोन नाखोनच्या रस्त्याने पन्नासेक किलोमीटर गेलं, की बान चियांग येतं. थाई भाषेत 'बान' म्हणजे घर किंवा गाव. या सगळ्या मुलुखाला ईसान म्हणतात. सपाट जमीन, भाताची खाचरं, मधूनच एखादं ताडाचं झाड. इथला भात चिकट असतो. त्याचा लहानसा गोळा करून तो हातानेच खातात.

जुन्या पद्धतीची घरं पाहा. लाकडी खांबांवर उभी! माणसं वर राहतात आणि खाली सावलीत हातमाग, कोंबड्या, अवजारं आणि दुपारी डुलकी काढणारे आजोबा. घराखालची ही जमीन उघडी मातीचीच असते. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

आणखी एक गोष्ट. हे गाव एका बुटक्या, लांबट उंचवट्यावर वसलं आहे. आपल्याकडे नदीकाठच्या गावांत 'पांढरी'चं टेकाड असतं ना? जुन्या वस्त्यांची माती, राख, खापरं शेकडो वर्षं एकावर एक साचून झालेलं? तसलंच हे. आजच्या गावकऱ्यांचे पूर्वज लाओसमधून सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इथे आले. घराच्या खांबांसाठी खड्डे खणताना त्यांना खापरं आणि कधीकधी अख्खी मडकी सापडत. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांतली काही शाळेत मांडूनही ठेवली होती. म्हणजे या मडक्यांचा पहिला संग्रह शाळेतला, बरं का!

बाहेरच्या जगाला मात्र ती दिसली १९६६ साली, आणि तीही ठेच लागल्यामुळे. स्टीव्ह यंग नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी अभ्यासासाठी गावात आला होता. वाटेवर सावरीच्या झाडाच्या मुळात त्याचा पाय अडकला आणि स्वारी पालथी पडली! उठताना पाहतो तो काय, मातीतून मडक्यांचे गोल काठ डोकावत होते. त्याने काही खापरं बँकॉकला नेऊन दाखवली आणि १९६७ साली सरकारी पुरातत्त्व खात्याने इथे रीतसर उत्खनन सुरू केलं.

ही मडकी दिसायला फारच देखणी. फिकट पिवळसर अंगावर लाल गेरूने काढलेली वेटोळी. रेघ निघते ती वळत वळत जाते, दुसरीला भेटते, पुन्हा उलटी फिरते. तुमच्या बोटाच्या ठशासारखी. गंमत म्हणजे ही भांडी चाकावर केलेली नाहीत. आतून मातीचा गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापीने थोपटायचं आणि हळूहळू आकार द्यायचा. आपल्याकडचे कुंभार मातीत लीद किंवा राख मिसळतात, तसं हे लोक भाताचं तूस मिसळत.

मग खरी धमाल उडाली ती मडक्यांच्या वयावरून. मातीच्या भांड्याचं वय काढायची एक युक्ती आहे. जमिनीतल्या किरणोत्सर्गामुळे मातीच्या कणांत थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. भांडं भट्टीत भाजलं, की आधीचा साठा रिकामा होतो आणि पुन्हा शून्यापासून भरायला लागतो. प्रयोगशाळेत त्या खापराचा कण तापवला, की साठलेली ऊर्जा अंधुक प्रकाश होऊन बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त, तितकं भांडं जुनं. बान चियांगच्या काही रंगीत खापरांवर हा प्रयोग केला आणि उत्तर आलं : सहा हजार वर्षांहून जुनी! १९७०च्या सुमारास ही बातमी जगभर पसरली आणि संग्राहकांची नुसती झुंबड उडाली.

उदोन थानीला तेव्हा अमेरिकेचा मोठा हवाई तळ होता. शेजारी व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. तिथले सैनिक गिऱ्हाईक होते, बँकॉकचे व्यापारी होते, परदेशातले श्रीमंत होते. आणि माल कुठे होता? प्रत्येकाच्या घराखाली! गावकऱ्यांनी आपल्याच घराखाली खणायला सुरुवात केली. शेजारपाजारच्या गावांतही तेच. रंगीत मडकं निघालं की ते विकायचं, फुटकं निघालं की बाजूला फेकायचं, हाडं निघाली तर तीही बाजूला. लगेच त्यांना चोर म्हणू नका. भाताच्या शेतीत पैसा बेताचाच, आणि अंगणातलं मडकं आपलं नाही असं त्यांना वाटावं तरी का? माझा राग आहे तो विकत घेणाऱ्यांवर. त्यांनी पैसे मोजले नसते, तर कुदळी उठल्या नसत्या.

१९७२ साली थायलंडच्या राजा-राणींनी गावाला भेट दिली. त्याच वर्षी सरकारने खास हुकूम काढून इथे खणण्यावर आणि मडक्यांच्या व्यापारावर बंदी घातली. पण तोवर बरंच काही गेलं होतं. १९७४ आणि १९७५ साली थाई पुरातत्त्वज्ञ पिसित चारोएनवोंग्सा आणि अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे चेस्टर गॉर्मन यांनी मिळून मोठं उत्खनन केलं. त्यांना न उकरलेली जागा शोधावी लागली. एका वर्षी त्यांनी एका घराच्या अंगणात खणलं आणि दुसऱ्या वर्षी चक्क गावातल्या एका गल्लीत!

ते खणणं वेगळं होतं. एकेक थर अलगद काढायचा, चाळायचा, मोजायचा, त्याचं चित्र काढायचं. अशा खणण्यातून जे कळलं, ते हजार मडकी कपाटात मांडून कळलं नसतं. सगळ्यांत खालच्या थरांत काळपट भांडी होती, त्यांच्यावर दोरीचे ठसे आणि कोरलेली नक्षी. अगदी तान्ही बाळं दगावली, तर त्यांना मोठ्या मडक्यात ठेवून पुरत. मधल्या थरांत पांढुरकी, कोनदार खांद्यांची भांडी. ती मुद्दाम फोडून त्यांचे तुकडे मृताच्या अंगावर पांघरुणासारखे पसरलेले. आठवा, संग्राहकांसाठी खणणारे हेच तुकडे फेकून देत होते! आणि ती सुप्रसिद्ध लाल वेटोळ्यांची मडकी? ती सगळ्यांत वरच्या थरांत निघाली. म्हणजे सहा हजार वर्षं वगैरे काही नाही. ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. खाली काय होतं, वर काय होतं, हे ठाऊक झालं म्हणूनच ती चूक कळली.

मडक्यात बाळ पुरायची ही रीत वाचून अंगावर काटा आला असेल. पण ती आपल्याकडेही होती. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची आई आपलं गेलेलं बाळ दोन मडक्यांत ठेवी, त्यांची तोंडं एकमेकांना जोडी आणि घराच्या जमिनीखालीच ती पुरून टाकी. जवळच राहावं म्हणून असेल का? कुणी ती मडकी आधीच उचलून विकली असती, तर आज ती नुसती 'दोन जुनी मडकी' ठरली असती.

बान चियांगच्या मडक्यांना भाव आला, तसे नकली कारागीरही आले. कुणी अख्खी मडकी नवी करून जुनी म्हणून विकली, तर कुणी खऱ्या पण साध्या मडक्यावर ताजी लाल वेटोळी काढली. खऱ्या वस्तूवर खोटी नक्षी, काय म्हणावं? चोरटा व्यापारही थांबला नाही. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी तपासनीसांनी कॅलिफोर्नियातल्या काही संग्रहालयांवर छापे घातले. चोरून आणलेली मडकी संग्रहालयाला दान द्यायची, त्यांची किंमत फुगवून दाखवायची आणि करात सूट मिळवायची, अशी ती चलाखी होती. पुढे २०१४ साली त्यांतल्या एका संग्रहालयाकडून पाचशेहून अधिक वस्तू थायलंडला परत मिळाल्या. वस्तू परत आल्या खऱ्या, पण कोणतं मडकं कुणाच्या उशाशी होतं, ते कसं परत येणार?

१९९२ साली युनेस्कोने बान चियांगला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. गावात आता मोठं संग्रहालय आहे. ते पाहाच, पण तिथून थोडं चालत 'वात फो सी नाय' या देवळातही जा. तिथे उत्खननाचा खड्डा बुजवलेला नाही, वर छप्पर घालून तसाच ठेवला आहे. कोणती वस्तू कुठे, कशी पडलेली होती, ते वरून पाहता येतं. मला विचाराल तर काचेच्या कपाटांपेक्षा इथे जास्त वेळ काढा.

एक वाद अजून चालूच आहे. इथल्या लोकांना काशाची हत्यारं आणि बांगड्या करायची विद्या केव्हा आली? कुणी म्हणतं चार हजार वर्षांपूर्वी, कुणी म्हणतं तीन. दोन्ही बाजूंना नामवंत संशोधक आहेत. उत्तरासाठी हवी आहेत ती जागच्या जागी असलेली हाडं आणि कोळसा, म्हणजे नेमकं तेच, जे मडकी शोधणाऱ्या कुदळींनी विस्कटून टाकलं.

आणि हो, आठवण म्हणून मडकं हवंच असेल, तर ते गावातल्या दुकानांत मिळतं. अगदी नवं कोरं, लाल वेटोळ्यांचं. ते खुशाल घ्या, पावती मागून घ्या आणि कपड्यांत नीट गुंडाळा. परतीची आगगाडी चांगलीच हादरते.