फरशी पुलाची खूण पुसू नकोस

प्रिय ओपनस्ट्रीटमॅप,

सायकलवाल्यांना भोवणारे धोके तुझ्यावर दाखवावेत का, या प्रश्नावर माझं उत्तर वाशीम जिल्ह्यातल्या रस्त्यांनी दिलंय. दाखवावेत, पण कोणते ते नीट ठरवून.

तुझा मूळ नियम मला पटतो. जे जागेवर आहे आणि दुसऱ्यालाही तिथं जाऊन पडताळता येईल, तेच नोंदवायचं. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तुला सुरू केलं. जगभरच्या अनोळखी माणसांनी भरलेला नकाशा आजवर भरवशाचा राहिला तो याच शिस्तीमुळे. म्हणून खड्ड्यांच्या खुणा नकोत. खड्डा पावसाळ्यात पडतो, दिवाळीच्या आसपास बुजवतात, पुढच्या पावसात चार हात पुढं नवा पडतो. जुनी खूण मात्र तशीच राहते.

रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनचंही तेच. काढणीच्या दिवसांत डांबरावर पसरलेले दाणे पुढच्या चाकाखाली छऱ्यांसारखे सरकतात. ढिगाभोवती लावलेले दगड सोयाबीन उचलल्यावरही कडेला राहून जातात आणि अंधारात नेमके तेच लागतात. तरीही त्याची खूण करू नये असं मला वाटतं. जागा दरवर्षी बदलते, आणि ज्याच्याकडे खळ्याला जागा नाही त्या शेतकऱ्यावर बोट ठेवणं हे नकाशाचं काम नव्हे.

फरशी पुलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. नाल्यात उतरणारा बुटका पूल, दोन्ही बाजूंना उतार, कडेला पांढरे रंगवलेले दगड. मार्चमध्ये तिथं थेंब नसतो. जुलैत वरच्या शिवारात पाऊस झाला की इकडं ऊन असतानाही पाणी पुलावरून वाहतं. ओसरल्यावर गाळाचा पातळ थर उरतो. त्यावर ब्रेक दाबला की सायकल आडवी होते. तुझ्यावरचे आमच्याकडचे कितीतरी रस्ते कुणीतरी दूर बसून उपग्रहाच्या चित्रावरून आखलेत. आकाशातून हा पूल साध्या रस्त्यासारखाच दिसतो. असा पूल वर्षातले आठ महिने निरुपद्रवी असतो म्हणून त्याचा धोका तात्पुरता ठरत नाही. दरवर्षी त्याच जागी, त्याच कारणानं येणारं पाणी पुलाइतकंच कायमचं आहे. पुरावा कोरड्या दिवसांतही सापडतो: दगडांना आणि काठच्या बाभळीला अडकलेलं गवत आणि कुटार पाहिलं की पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं.

पट्टे न मारलेले गतिरोधकही असेच दाखव. त्यांच्यासाठी तुझ्याकडे टॅग, म्हणजे ठरलेली नोंद, आहे. जनावरं रस्ता ओलांडतात त्या जागांसाठीही आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या परिसरात किंवा रोही, म्हणजे नीलगायी, नेहमी आडवे येतात त्या पट्ट्यात तो उपयोगी पडेल.

शब्द मात्र जपून वापर. ‘धोकादायक रस्ता’ असं कुठंही लिहू देऊ नकोस. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. फोनवर आपल्या गावचा रस्ता लाल दिसला तर घरचे पहिल्यांदा काय करतील? सायकल कोपऱ्यात लावतील आणि मुलीला घरी बसवतील. ‘फरशी पूल, पावसाळ्यात वरून पाणी’ एवढंच लिहिलं तर त्या दिवशी दुसऱ्या वाटेनं जाता येतं, आणि ग्रामसभेत उंच पुलाची मागणी करताना तेच दाखवता येतं. रस्ता किती गुळगुळीत हे सांगायला तुझ्याकडे उत्तम ते अगम्य अशा आठ पायऱ्या आहेत. तिथंही आधी डांबर, मुरूम की माती ते लिहावं. पृष्ठभागावर वाद होत नाही, गुळगुळीतपणावर होतो.

एक अडचण मला खरोखर सतावते. शाळकरी मुली, शेतमजूर, पहाटे दुधाच्या कॅन लावून निघणारे, हे या रस्त्यांवर रोज सायकल चालवतात. तुझ्यात बदल करणारे बहुतेक इथं कधी आलेलेही नाहीत. म्हणून तुझ्या स्वयंसेवकांना एवढं सांग: स्थानिक माणसानं खूण केली असेल आणि तुम्हाला नाला कोरडा दिसला, तर खूण काढू नका, आधी त्याला विचारा. आणि गावागावांतल्या शिक्षकांनी, कॉलेजच्या पोरांनी पहिला पाऊस पडायच्या आत आपापले फरशी पूल तुझ्यावर चढवावेत. नेटवर्क नसलं तरी चालणाऱ्या ओस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स यांसारख्या ॲपना नकाशा तुझ्याकडूनच मिळतो. तिथं ही खूण ठळक दिसावी म्हणून त्यांच्या मागं लागायचं काम माझ्यासारख्यांचं, ते आम्ही करू.

तुझा,
वाशीम जिल्ह्यातला एक सायकलवाला