घन, पडदा आणि डावा हात

खेळणी लहान मुलांची. मोठ्या माणसांनी ती हाती धरायची ती केवळ मुलांचे मन रिझविण्यापुरती, अशी आपली समजूत असते. गेल्या अर्धशतकात या समजुतीला एका खेळण्याने चांगलाच धक्का दिला. रुबिकचा घन, म्हणजे आपल्याकडील मुलांच्या बोलीतला नुसता 'क्यूब', हे ते खेळणे. या घनाचे संगणकावर उतरलेले रूप आमच्या घरी आले आणि त्याने एका आजारी माणसाला बरीच सोबत केली. त्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्ट येथे, एर्नो रुबिक हे वास्तुरचनेचे अध्यापक होते. १९७४ साली त्यांनी हा घन प्रथम तयार केला. सुटे तुकडे स्वतंत्रपणे फिरावेत, तरीही सबंध वस्तू खिळखिळी होऊन गळून पडू नये, हा रचनेचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. तो सुटला. बाजूंना रंग लावून त्यांनी घन थोडा फिरवला मात्र, आणि आपण एका नव्याच कोड्यात सापडलो आहोत हे त्यांच्या ध्यानी आले. स्वतःच्याच निर्मितीला मूळ रूपात आणण्यास त्यांना महिन्याहून अधिक काळ लागला. १९८० साली हे खेळणे त्यांच्या नावाने जगाच्या बाजारात आले. १९८२ साली बुडापेस्टलाच पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा मिन्ह थाय या अमेरिकेच्या तरुणाने २२.९५ सेकंदांत घन जुळवून ती जिंकली.

दिसावयास ही वस्तू मुठीत मावणारी. परंतु तिचे थर फिरवून होणाऱ्या निरनिराळ्या मांडण्यांची संख्या ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० इतकी आहे. त्यांतील एकच मांडणी 'जुळलेली' असते. एवढ्या अफाट रानात वाट चुकलेल्याने घरी परतावे कसे? २०१० साली काही गणितज्ञांनी संगणकांच्या साहाय्याने सिद्ध केले, की घन कितीही विस्कटलेला असला तरी तो जास्तीत जास्त वीस फिरवण्यांत जुळू शकतो. या वीसच्या आकड्याला गमतीने 'देवाचा अंक' असे म्हणतात. घर वीस पावलांवर आहे हे ठाऊक असणे निराळे आणि ती वीस पावले कोणती हे ठाऊक असणे निराळे. ते ज्ञान देवापाशीच, असा त्या नावातला विनोद आहे. आपण साधी माणसे शंभर-दीडशे फिरवण्यांनी घर गाठतो.

आमच्याकडे हा घन १९८२ च्या नाताळात आला. आखातात नोकरीस असलेल्या मामांनी तो आम्हां भावंडांसाठी आणला होता. परंतु आठवड्याभरातच तो वडिलांचा झाला. वडील वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात फिटर होते. यंत्र उघडून पाहिल्यावाचून त्यांचे समाधान होत नसे. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने घन उघडला, आतला सहा हातांचा सांगाडा पाहिला, त्याला किंचित वंगण लावले आणि सर्व तुकडे जुळलेल्या क्रमानेच परत बसवले. तुकडे कसेही बसवले तर बारांपैकी अकरा वेळा तो घन फिरवून कधीच जुळत नाही, हे मी पुढे गणिताच्या पुस्तकात वाचले. त्यांना ते हाताने कळले होते. पुढे एका जुन्या हिशेबाच्या वहीत त्यांनी स्वतःच्या खुणांनी रीत लिहून काढली आणि सुमारे तीन महिन्यांनी, कोणाच्याही मदतीवाचून, घन जुळवला. त्या रीतीतला कठीण भाग ते आम्हांला समजावून सांगत: "पहिला थर जुळला म्हणून त्याला जपत बसायचं नाही. दुसरा जुळवायचा तर पहिला थोडा मोडावाच लागतो. तो परत कसा आणायचा, एवढं लक्षात ठेवा."

२००० सालच्या फेब्रुवारीत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा काही दिवसांनी परतली. उजवा हात मात्र परतला नाही. टेंभी नाक्याहून मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपर्यंत रोज पहाटे चालत जाणारा माणूस खिडकीपाशी खुर्चीत बसून राहू लागला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर परमप्रसाद घेऊन घरी येत. त्या वेळी डाव्या हाताने क्रुसाची खूण करताना वडील संकोचत आणि ती अर्ध्यावरच सोडून देत. "हात कोणता, हे प्रभू पाहत नाही," असे फादरांनी त्यांना समजावले होते. ते त्यांच्या बुद्धीला पटले होते. मनाला पटले नव्हते. ज्या हाताने आयुष्यभर काम केले, त्याच हाताने प्रार्थना करावी, असे त्यांना वाटत असावे.

घन त्यांच्या उशाशी होता, पण त्याला दोन हात लागतात, एक धरण्यासाठी आणि एक फिरवण्यासाठी. एका हाताने घन जुळवणारे स्पर्धक जगात आहेत हे खरे; परंतु ते तरुण असतात आणि त्यांचे घन गुळगुळीत फिरणारे असतात. आमचा जुना घन त्यांच्या डाव्या हाताला दाद देईना. दोनदा तो खाली पडला आणि त्यानंतर त्यांनी तो मागितला नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाने एक सीडी आणली. 'रुबिक्स गेम्स' या नावाचा, या घनावर आधारलेल्या कोड्यांचा तो संग्रह हॅस्ब्रो इंटरॅक्टिव्ह या कंपनीने १९९९ साली प्रसिद्ध केला होता. आमच्या घरी नुकताच संगणक आला होता. वडिलांना त्याचे कुतूहल असले तरी त्याच्याजवळ ते जात नसत. पडद्यावर तो ओळखीचा घन दिसताच मात्र त्यांनी खुर्ची पुढे घ्यावयास सांगितली.

माऊस त्यांच्या डाव्या हाती दिला. आरंभी बाण पडद्यावर भलतीकडेच धावे. आठ दिवसांनी तो आटोक्यात आला. महिन्याभरात पहिला थर जुळला. घन अगदीच बिघडला की आम्ही सुचवत असू, "पप्पा, नवा डाव घ्या ना." त्यावर ते मान हलवून नकार देत. नवा डाव म्हणजे कोणा दुसऱ्याचा घन, हा बिघडवला तो आपण, तेव्हा जुळवायचाही आपणच, असे त्यांचे म्हणणे. जुन्या वहीतली रीत त्यांनी पुन्हा शोधून काढली. पुढल्या लेंट काळात, एका संध्याकाळी, पडद्यावरच्या सहाही बाजू एकरंगी झाल्या.

उजवा हात यामुळे बरा झाला नाही. तसा दावा मी करणार नाही. घडले ते एवढेच, की डावा हात त्यांचा स्वतःचा झाला. तो चमचा नीट धरू लागला, सही करू लागला. पुनरुत्थानाच्या सणानंतर फादर परमप्रसाद घेऊन आले, तेव्हा वडिलांनी त्याच हाताने क्रुसाची खूण कपाळापासून खांद्यांपर्यंत पूर्ण केली. त्यांना ती करताना पाहून आई स्वयंपाकघरात निघून गेली.

पडद्यावरचा घन खऱ्या घनाची सर्वस्वी बरोबरी करू शकत नाही. त्याला वजन नाही, त्याच्या कडा बोटांना लागत नाहीत. आणि तो उघडून पाहता येत नाही याची खंत वडिलांना अखेरपर्यंत होती. शिवाय ती वस्तू अल्पायुषी ठरली. हॅस्ब्रोने आपला संगणक-खेळांचा व्यवसाय २००१ साली एका फ्रेंच कंपनीस विकला आणि आमची ती सीडी आज घरातल्या संगणकावर चालत नाही. मामांचा घन मात्र अद्याप फिरतो. तरीही जे खऱ्या घनाला साधले नाही ते त्या नश्वर प्रतिमेने साधले. एका हाताच्या माणसाला त्याचे कोडे तिने परत आणून दिले.

वडील २००६ साली प्रभूच्या घरी गेले. आजाऱ्याच्या घरी जाताना आपण फळे नेतो, जपमाळ म्हणतो, धीर देतो. ती सारी प्रेमाचीच कृत्ये आहेत. परंतु आजारी माणसाला आपण विश्रांती देतो आणि काम काढून घेतो. त्याच्यापुढे कोणी काही अवघड असे ठेवतच नाही. वास्तविक, पांगळ्या झालेल्या हाताला सोपे करून दिलेले अवघड काम हवे असते. त्यात चुकण्याची मुभा असते आणि जिंकण्याची आशाही असते. आपल्या धर्मग्रामांतून आजाऱ्यांच्या भेटीस जाणारे पुष्कळ बंधुभगिनी आहेत. त्यांनी जपमाळेसोबत पिशवीत एखादे कोडे, एखादा हिशेब, विणकामाची एखादी सोपी सुई नेऊन पाहावी. घेणाऱ्याला ती हवी की नको, हे त्याच्या डोळ्यांतच दिसेल.