तांबडा ठिपका

बंदुकीच्या नळीच्या टोकाला लोखंडाचा जो इवलासा उंचवटा असतो त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. हे नाव ज्या कुणी ठेवले त्याला नेम धरण्यातली खरी अडचण कळली होती. माशीकडे पाहावे तर सावज पुसट होते, सावजाकडे पाहावे तर माशी उडून जाते. जवळची खाच, हातभर पुढची माशी आणि पार तिकडचे लक्ष्य या तिघांचे डोळ्यापुढे एकमत घडवणे म्हणजे तीन जावांना एका चुलीपुढे बसवणे होय. जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या बंदुकीची माशी तर बहुधा मुळातच वाकडी. ती किती वाकडी आहे हे फुगेवाल्याला ठाऊक असते, आपल्याला नसते.

या तिघांच्या भांडणावरचा एक तोडगा हल्ली फार स्वस्त झाला आहे. त्याला रेड डॉट साइट म्हणतात. बंदुकीच्या पाठीवर बसवायची बोटभर लांबीची काळी नळी. डोकावले की काचेच्या मधोमध तांबडा ठिपका दिसतो. ठिपका लक्ष्यावर ठेवायचा आणि चाप ओढायचा. अमेरिकेत ही वस्तू वीस-पंचवीस डॉलरपासून आठ-नऊशे डॉलरपर्यंत मिळते. आपल्याकडे घरबसल्या मागवली तर दीड-दोन हजारांत दारात येते, आणि मुख्यतः छर्ऱ्याच्या बंदुकीवर चढते.

आमच्या भागात छर्ऱ्याच्या बंदुकीचे वारे फार. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हापासूनच कोल्हापूरकडच्या पोरांच्या डोक्यात नेमबाजी शिरली होती. २०२४ च्या १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचे कांस्यपदक घेतले, आणि शाळेच्या पटांगणावर लाकडाचे दांडके खांद्याला लावून एक डोळा मिटणारी पोरे दिसू लागली. शाळेत दोन एअर रायफली आहेत आणि त्या तासाला देखरेखीला मी उभा असतो. एवढ्या भांडवलावर गावात माझी गणना या विषयातल्या जाणकारांत होते. म्हणूनच पिठाच्या गिरणीवाले गृहस्थ एका संध्याकाळी, अंगावरचे पीठ न झटकताच, घरी आले.

“गुर्जी, अठराशे रुपये काय आमाला थोडं न्हाईत,” ते म्हणाले. “पर पोरगं मागंच लागलंय. ह्यो लाल ठिपका लावला तर नेम बसंल का, येवढं खरं सांगा.”

“मला पंधरा दिवस द्या,” मी म्हटले. ते पंधरा दिवस मी या ठिपक्याच्या मागे घालवले. दोन स्वस्त नळ्या मिळवल्या. एक आमच्या शेजारच्या निवृत्त कंपाउंडरसाहेबांची, एक दुकानदाराने विश्वासावर दिलेली. तिसरी महागडी, एका ओळखीच्या नेमबाजाकडून अक्षरशः हातापाया पडून आणली.

पुष्कळांचा समज असा असतो की ही नळी लक्ष्यावर तांबडा उजेड पाडते. सिनेमात खलनायकाच्या छातीवर नाचतो तो ठिपका लेसरचा, तो वेगळा. हा ठिपका बाहेर कुठेच नसतो. ज्याचा डोळा नळीपाशी आहे त्यालाच तो दिसतो. नळीच्या आत कडेला एक बारीक तांबडा दिवा असतो. समोरची काच किंचित खोलगट असते, आणि तिच्यावर असा मुलामा असतो की त्याने तांबडा प्रकाश तेवढा परत फिरवावा व बाकीच्याला वाट द्यावी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातले अंतर्गोल आरशाचे वाक्य आठवा : नाभीतून निघालेले किरण आरशावरून परतताना समांतर होतात. दिवा बसवलेला असतो तो नेमका नाभीवर. समांतर किरण म्हणजे डोळ्याच्या हिशेबी फार दुरून आलेले, चांदण्यासारखे. म्हणून ठिपका चार बोटांवरच्या काचेत असूनही लक्ष्याच्या पलीकडे आकाशात टांगल्यासारखा वाटतो. खाच गेली, माशी गेली. डोळ्याने नुसते लक्ष्याकडे पाहावे.

ही युक्ती डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांची, १९०० सालची. ग्रब यांचे घराणे दुर्बिणी बनवणाऱ्यांचे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून प्राध्यापक नायगमवालांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली वेधशाळा उभारली, तिच्यातली वीस इंची दुर्बीण याच ग्रबांच्या कारखान्यातली. १९१२ साली ती वेधशाळा मिटली आणि दुर्बीण कोडईकॅनॉलला गेली. ज्याचे आयुष्य ताऱ्यांकडे रोखलेल्या नळ्या घडवण्यात गेले त्यालाच बंदुकीसाठी एक खोटा तारा सुचावा, हे मला मोठे गमतीचे वाटते. पुढे दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या चालकांपुढे अशाच काचा होत्या. बॅटरीवरचा ठिपका बंदुकीवर आणला तो १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंट या कंपनीने; १९९७ साली अमेरिकेच्या सैन्याने तो आपल्या रायफलींसाठी घेतला.

आता मुद्द्याकडे येतो. तिन्ही नळ्या खिडकीत ओळीने मांडून मी आळीपाळीने पाहिले. समोरच्या देवळाच्या कळसावर ठिपका तिन्हींत सारखाच तांबडा, सारखाच नेटका. स्वस्त नळीची काच थोडी निळसर आणि कडांना ओढल्यासारखी, एवढाच फरक. मुलाला दुकानात जे दाखवतात ते एवढेच, आणि त्यात फसवणूक काही नाही. तांबडा दिवा आणि मुलाम्याची काच आज कवडीमोलाने बनते.

मग महाग नळीचे पैसे कशाचे? ठिपका जिथे ठेवला तिथे राहण्याचे.

हे समजायला छर्ऱ्याच्या बंदुकीचा स्वभाव ठाऊक पाहिजे. आमच्याकडच्या बहुतेक बंदुका स्प्रिंगच्या. नळी मोडून स्प्रिंग दाबायची; चाप ओढला की आतला दट्ट्या सुटून पुढे धावतो आणि बंदूक मागे ढकलली जाते; दट्ट्या पुढच्या कोंडलेल्या हवेवर आपटतो की तीच बंदूक उलटी पुढे हिसडते. आवाज फुसका असला तरी धक्के दोन, आणि तेही विरुद्ध दिशांचे. वर बसवलेल्या वस्तूला हे फार जाचते. स्वस्त नळीचे बूड मऊ धातूचे, स्क्रू बारीक, आतला दिवा डिंकाच्या भरवशावर. शिवाय पुष्कळ स्वस्त नळ्यांचे बूड मोठ्या रायफलीच्या रुंद पट्टीसाठी बनवलेले असते, आणि छर्ऱ्याच्या बंदुकीच्या पाठीवर असते ती अकरा मिलिमीटरची खाच. मग मध्ये आणखी एक जोडतुकडा घाला, म्हणजे ढिले व्हायला आणखी चार स्क्रू.

मी वाळूची पिशवी टेबलावर ठेवून, तिच्यावर बंदूक टेकवून, दहा मीटरवर कागद लावला. दुकानदाराच्या नळीने पहिले पाच छर्रे रुपयाएवढ्या जागेत गेले आणि मी खूष झालो. शंभरेक छर्ऱ्यांनंतर तोच ठिपका, तोच कागद, आणि भोके दोन बोटे डावीकडे. स्क्रू आवळला, पुन्हा जुळवले. दुसऱ्या दिवशी भोके खाली. आणखी एक परीक्षा करून पाहिली. ठिपका सरकवणारी बारीक चकती वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली आणि वीस डावीकडे फिरवली. हिशेबाने ठिपका मूळ जागी यायला हवा. महाग नळीने छर्रा पहिल्याच भोकाला लागून घातला. दुकानदाराची नळी परत आली ती शेजारच्या घरात. कंपाउंडरसाहेबांची मात्र, किंमत जवळजवळ तीच असून, बरीचशी शहाण्यासारखी वागली. स्वस्त वस्तूचे हेच लक्षण. ती वाईटच निघते असे नाही, पण चांगली निघाली तर ते आपले नशीब.

बंदूक एवढी चुकली तरी रिकामा डबाच चुकतो, त्यात काय मोठे, असे कुणी म्हणेल. मला मात्र त्या डावीकडे गेलेल्या भोकांकडे पाहताना कंपासपेटी आठवली. दर जूनमध्ये वर्गात दोन तरी मुले अशी असतात की त्यांच्या कर्कटकाचा सांधा ढिला असतो. ती वर्तुळ काढायला लागतात आणि रेघ फिरून आली की निघाल्या जागी मिळत नाही. शेजारच्या मुलाचे मिळते, कारण त्याच्या पेटीला पैसे जास्त पडलेले असतात. ही मुले कर्कटकाला दोष देत नाहीत. ती खोडरबर घेतात, पुन्हा काढतात, कागद भोके पडेपर्यंत खोडतात, आणि दिवाळीपर्यंत त्यांची खात्री होते की भूमिती आपल्याला येत नाही. पुढे चांगले कर्कटक हातात दिले तरी ती खात्री जात नाही. ढळणारा ठिपका हेच करतो. शिकाऊ नेमबाजापाशी दुसरे काय असते? श्वास धरणे, चाप हळू ओढणे, आणि आत्ताचा छर्रा का चुकला याचा प्रामाणिक विचार करणे. मुलगा श्वास बदलतो, बोट बदलतो, उभे राहणे बदलतो, आणि जे बरोबर होते तेही मोडून टाकतो. वर तांबडा ठिपका तसाच शांत, लक्ष्याच्या मधोमध!

महाग घेतले म्हणजे निश्चिंती, असेही नाही. अमेरिकेच्या सैन्याला अशाच जातीच्या काचा पुरवणाऱ्या ईओटेक या कंपनीचे प्रकरण वाचण्यासारखे आहे. तिची ठिपका पाडण्याची रीत निराळी, पण काम तेच. कडक थंडी-उन्हात ठिपका ढळतो हे ठाऊक असून सांगितले नाही, असा सरकारने आरोप ठेवला. २०१५ च्या नोव्हेंबरात तिच्या मालक कंपनीने, एल-थ्रीने, दोन कोटी छप्पन्न लाख डॉलर देऊन ते मिटवले. सैन्यापाशी निदान तपासायला माणसे होती आणि भांडायला वकील होते.

पंधरा दिवसांनी मी गिरणीत गेलो. पट्टा चालू होता. ओरडून बोलावे लागले. “घेऊ नका” हे तर सांगितलेच, पण स्वस्त आहे म्हणून नको असे नव्हे, हे समजावायला वेळ लागला. मुलाला खेळायचे आहे ते कुसाळे-सावंतांच्या वाटेने, आणि त्या वाटेवर ठिपक्याला प्रवेशच नाही. ऑलिंपिकच्या रायफलीवर मागे टाचणीच्या भोकाएवढे छिद्र असते, पुढे एक बारीक कडे. दिवा नाही, बॅटरी नाही. कड्याच्या आत काळे वर्तुळ बसवायचे, की सगळे आले. मग मी पिठाच्या डब्यावर बोटाने आकृती काढली. अंशाचे साठ भाग केले की एक कला. या नळ्यांचा ठिपका कलांत मोजतात; बहुतेक स्वस्त ठिपके तीन-चार कलांचे. चार कलांचा ठिपका दहा मीटरवर साडेअकरा मिलिमीटर जागा झाकतो. आणि दहा मीटरच्या कागदावर दहा गुणांची जागा असते अर्धा मिलिमीटर! आठाचे सबंध वर्तुळ साडेदहा मिलिमीटरचे. म्हणजे आठ, नऊ, दहा सगळे त्या तांबड्या ठिपक्याखाली गडप.

“म्हंजे ज्यावर मारायचं त्येच दिसणार न्हाई?” गिरणीवाले म्हणाले. पट्ट्याच्या आवाजात एवढा नेमका सारांश मला साधला नसता.

डोळा कुठेही ठेवा, नेम ढळत नाही, ही जाहिरातही दहा मीटरवर लंगडी पडते. डोळा नळीच्या मध्यापासून पाच मिलिमीटर बाजूला गेला की नेमही साधारण तेवढाच सरकतो. शंभर मीटरवर त्याची कोण पर्वा करतो? दहा मीटरवर तेवढ्यात पदके इकडची तिकडे होतात. अठराशे रुपयांचे छर्रे घ्या, मी सांगितले, आणि उरले तर कोल्हापूरला चांगल्या शिकवणाऱ्याकडे चार रविवार पाठवा. त्यांनी मान डोलावली. मुलाने आठ दिवस माझ्याशी बोलणे टाकले.

मग हा ठिपका घ्यावा तरी कुणी? माझे उत्तर असे की मुलांनी घेऊ नये, माझ्यासारख्यांनी घ्यावा. चाळिशी लागली की डोळ्यातले भिंग ताठ होते. जवळची खाच धूसर, माशीला दोन पंख फुटलेले. अशा डोळ्याला सगळे एकाच अंतरावर आणून देणारी ही नळी म्हणजे मोठाच दिलासा. रानात उतरंडीला डबे मांडून दुपार घालवायची असेल तर दोन हजारांचा ठिपका वाईट नाही, फक्त दर बैठकीला पहिले पाच छर्रे त्याची हजेरी घेण्यात घालवावेत. काहींना ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा दिसतो. तेव्हा नळीतून फोनने छायाचित्र काढावे. छायाचित्रात ठिपका गोल आला तर नळी परत न करता डोळ्याच्या डॉक्टरकडे जावे.

कंपाउंडरसाहेबांचे वय अडुसष्ट. त्यांनी आपल्या नळीचे सगळे स्क्रू घट्ट आवळले आहेत आणि प्रत्येकावर, स्क्रूच्या डोक्यापासून बुडापर्यंत, नखे रंगवायच्या तांबड्या रंगाची एक बारीक रेघ ओढली आहे. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटते आणि कळते. मागच्या पावसाळ्यापासून ती दोनदा तुटली. दोन्ही वेळा त्यांनी स्क्रू आवळला आणि ओशाळल्या चेहऱ्याने सुनेकडे पुन्हा बाटली मागितली.