शेवटून दुसरा

मी गुणतक्ता खालून वर वाचतो. पेपरात क्रीडापानाच्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरात छापलेला असतो: सामने, विजय, बरोबरी, पराभव, गुण. पहिल्या ओळीत कोण आहे ते मथळ्यातच कळतं. शेवटच्या दोन-तीन ओळींबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि माझा जीव लहानपणापासून तिथेच अडकलेला आहे. किती सामने उरले, त्यातले घरच्या मैदानावर किती, वरच्या संघाशी गोलफरक किती, आपण जिंकून तो हरला तर काय होईल, हा हिशेब मी आजही पेन घेऊन करतो.

ही सवय परळला लागली. आमच्या वाडीचा एक क्लब होता आणि माझे वडील, अण्णा, त्याचं सगळं बघायचे. दिवसा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर, संध्याकाळी क्लबचे मॅनेजर. नोंदणीचे फॉर्म, जर्सीची धुलाई, फाटक्या बुटांना टाके, सामन्याच्या दिवशी लिंबाच्या फोडी, सगळं त्यांच्याकडेच. मुंबईची हारवूड लीग तेव्हा डिव्हिजनांत खेळली जायची आणि आमचा क्लब खालच्या एका डिव्हिजनमध्ये जेमतेम तग धरून होता. मोसम संपत आला की रात्री गॅलरीत बैठक बसायची. अण्णा वहीत रेघा मारून तक्ता काढायचे आणि पोरं भोवती उकिडवी बसून आपापले आकडे सांगायची. कुणीतरी म्हणायचं, "अण्णा, बरोबरी झाली तरी चालेल ना?" अण्णा मान वर न करता सांगायचे, "चालेल. पण तुम्ही जिंकायलाच उतरा."

खाली जायची एवढी धास्ती का, हे मला जरा मोठं झाल्यावर कळलं. त्या काळी मुंबईत फुटबॉल म्हणजे नोकरीची वाट होती. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, सेंट्रल रेल्वे, बँका, एअर इंडिया, सगळ्यांचे संघ होते आणि त्यांची माणसं वरच्या डिव्हिजनचे सामने बघायला यायची. एखादा डावा विंगर नजरेत भरला की महिन्याभरात तो कारकून किंवा खलाशी म्हणून कामाला लागायचा आणि घराची दैना फिटायची. क्लब एक डिव्हिजन खाली गेला की ही नजर तिथे पोचत नसे. चांगली पोरं दुसऱ्या क्लबात जायची, आणि त्यांना थांब म्हणण्याचा हक्क कुणालाच नव्हता. तक्त्यातल्या एका ओळीवर दोन-चार घरांची चूल अवलंबून असायची. म्हणून अण्णांच्या वहीतल्या त्या रेघा मला कधी खेळ वाटल्या नाहीत.

आमचा क्लब एकदा खाली गेला. पुढच्या काही मोसमांत पोरांनी तो परत वर आणला आणि वाडीत पेढे वाटले गेले. अण्णांच्या आयुष्यातले जे थोडे खरे आनंदाचे दिवस मला आठवतात त्यांत तो एक आहे. कोणताही करंडक नव्हता. फक्त जिथून पडलो तिथे परत पोचलो होतो.

रोव्हर्स कपच्या दिवसांत अण्णा मला कुपरेजच्या मैदानावर न्यायचे. आई फोंड्याकडची, त्यामुळे गोव्याचे संघ आले की घरात दोन तट पडायचे. मामा धेंपोचा कट्टर माणूस. मे महिन्यात आजोळी गेलं की जेवताना त्याच्या तोंडी धेंपो आणि साळगावकर यांच्याशिवाय विषय नसे. साळगावकरच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांचं गोलकीपिंग तो कौतुकाने सांगायचा, आणि शेवटी न चुकता म्हणायचा, "पण खेळ बघायचा तर धेंपोचा." फातोर्ड्याचं स्टेडियम झाल्यावर त्याने मला तिथे पहिल्यांदा नेलं तेव्हा मला त्या संघाचा निळा-पांढरा शर्ट ओळखीचा झाला आणि तो आजवर तसाच आहे.

धेंपोचा सुवर्णकाळ मामाने डोळे भरून पाहिला. आर्मांद कुलासो यांच्या हाताखाली या संघाने पाच वेळा देशाची लीग जिंकली: 2004-05 आणि 2006-07 ला नॅशनल फुटबॉल लीग, मग 2007-08, 2009-10 आणि 2011-12 ला आय-लीग. 2008 मध्ये हे लोक एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, बेटो, आणि रँटी मार्टिन्स, ज्याने 2011-12 च्या एका मोसमात 32 गोल केले. यातलं पहिलं विजेतेपद दुःखातून आलेलं होतं. 5 डिसेंबर 2004 ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोच्या ख्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले, दुसऱ्या गोलच्या वेळी गोलकीपरशी धडक झाली आणि तो पुन्हा उठला नाही. धेंपोने करंडक जिंकला आणि आपला माणूस गमावला. त्याच मोसमात उरलेल्यांनी लीगही जिंकून आणली. मामा हे सांगताना अजूनही मध्ये थांबतो.

आणि मग 2014-15 चा मोसम आला. आय-लीगमध्ये अकरा संघ होते. धेंपो दहावा आला. अकरावा होता पुण्याचा भारत एफसी. हा संघ थेट प्रवेश घेऊन आलेला होता आणि अशा संघांना सुरुवातीच्या काळात रेलिगेशनपासून संरक्षण होतं. त्यामुळे शेवटचा राहिला आणि शेवटून दुसरा खाली गेला. पाच वेळचा विजेता खाली गेला याचं मला दुःख झालं, पण त्याबद्दल तक्रार नाही. खराब खेळलात तर जा, यात अन्याय कसला? अन्याय त्या अकराव्या ओळीत होता. तो सुरक्षित ठेवलेला संघ पुढच्या मोसमात उतरलाच नाही, बंद झाला.

पुढच्याच वर्षी, 2015-16 ला, हेच पुन्हा घडलं. नऊ संघांत पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स नववा, पण थेट प्रवेशामुळे सुरक्षित. त्यांच्या वरचा आयझॉल एफसी, मिझोरामहून दुसऱ्या डिव्हिजनमधून खेळून वर आलेला, तो गेला. मी पुण्याच्या फुटबॉलवर प्रेम करणारा माणूस आहे, तिथे पुणे एफसीसारखा नेटका संघ उभा राहिलेला पाहिला आहे. तरीही लिहितो की या दोन्ही वेळी चुकीच्या संघाला खाली पाठवलं गेलं. पैसे भरून आत आलेल्याला जमिनीची भीती नाही आणि खेळून वर आलेल्याला क्षमा नाही, हा नियम ज्यांनी केला त्यांनी कधी गॅलरीत बसून वहीत रेघा मारल्या नसाव्यात.

त्या वर्षांत मी स्वतः मुंबई एफसीच्या मागे होतो. 2007 मध्ये निघालेला हा संघ. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला तेव्हा माझ्यासारख्यांना दुसरा आधारच राहिला नाही. महिंद्रा हरून गेला नव्हता. 2005-06 चा राष्ट्रीय विजेता होता आणि कंपनीच्या निर्णयाने संपला. गिरण्यांचे संघही असेच एकेक करून गेले होते. मुंबई एफसीकडे मोठी नावं नव्हती, मोठा पैसाही नव्हता. त्यांच्याकडे खालिद जमील होते. आधी खेळाडू, मग 2009 पासून 2016 पर्यंत प्रशिक्षक. कुपरेजचं काम चालू असताना घरचे सामनेसुद्धा पुण्यात बालेवाडीला खेळावे लागायचे आणि तरी दर मोसमात संघ तगून राहायचा.

ते सामने देखणे नसायचे. बचाव घट्ट, मध्यभागी गर्दी, एक गोल मिळाला तर तो जिवापाड जपायचा. माझ्या शेजारी बसणारे लोक कंटाळून मोबाइल काढायचे. मला मात्र त्यात अण्णांचा हिशेब दिसायचा. हा गुण आज मिळाला, म्हणजे पुढच्या महिन्यात कोलकात्याला हरलो तरी चालेल. टचलाइनवर उभे राहून हातवारे करणारे खालिद बघताना मला नेहमी वाटे की हा माणूस विजेतेपदासाठी लढणाऱ्यांपेक्षा जास्त कसाला लागलेला आहे. अव्वल संघाला एक सामना गेला तर फार तर पहिला नंबर जातो. तळाच्या संघाला एक सामना गेला तर ग्राउंडस्टाफपासून राखीव गोलकीपरपर्यंत सगळ्यांची झोप जाते.

2016 मध्ये मुंबई एफसीने खालिद यांना निरोप दिला. त्याच वर्षी गोव्यात धेंपोने दुसरी डिव्हिजन जिंकून बढती मिळवली होती. म्हणजे अवघ्या एका मोसमात परत वर. पण भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या नव्या आराखड्यात आय-लीग ही इंडियन सुपर लीगच्या खालची पायरी होणार होती आणि त्या पायरीवरून वर चढायला वाटच ठेवलेली नव्हती. आधी साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी माघार घेतली, मग धेंपोनेही. खेळून कमावलेली जागा न खेळताच सोडली. मामाने तेव्हा फोनवर एकच वाक्य उच्चारलं, "अरे, वर जाऊन करायचं काय, वर काही ठेवलंच नाही तर?"

गोव्याचे संघ गेल्यामुळे लीगला संघ कमी पडले आणि खाली गेलेल्या आयझॉलला परत बोलावलं गेलं. प्रशिक्षक म्हणून तिथे गेले खालिद जमील. पुढचं सगळ्या देशाने पाहिलं. 22 एप्रिल 2017 ला घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 ने हरवलं आणि 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगशी 1-1 बरोबरी साधून आयझॉल देशाचा विजेता झाला. 37 गुण, बागानचे 36. ईशान्येकडच्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. त्याच तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला, दहा संघांत दहावा, मुंबई एफसी होता. खालिद ज्याला इतकी वर्षं तळापासून चार बोटं वर धरून राहिले, तो संघ त्यांच्यामागे पहिल्याच मोसमात खाली गेला आणि परत कधी आला नाही. मी त्या दिवशी आयझॉलसाठी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि मुंबईसाठी रडलो. दोन्ही खरं होतं.

खालिद जमील यांना ऑगस्ट 2025 मध्ये भारताचा प्रशिक्षक नेमलं गेलं तेव्हा बहुतेकांनी आयझॉलची आठवण काढली. माझ्या लेखी त्यांची मोठी कामगिरी आधीचीच होती, ते मुंबईतले तगून राहण्याचे मोसम. त्याला करंडक मिळत नाही एवढंच.

धेंपोची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. त्यांनी क्लब बंद केला नाही. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, मुलांना घडवत राहिले, आणि जुना बचावपटू समीर नाईक प्रशिक्षक म्हणून बाकावर बसला. 2023-24 ला आय-लीगच्या खालच्या श्रेणीत दुसरे आले आणि आय-लीगमध्ये परतले. मामा आता ऐंशीच्या घरात आहे, कानाने कमी ऐकतो. त्याने स्वतः फोन लावून मोठ्याने सांगितलं, "आलो रे वर!" आलो, असं म्हणाला. पुढचा मोसम सरला तेव्हा मी तक्ता खालूनच वाचला आणि खाली जाणाऱ्यांत धेंपोचं नाव नव्हतं. मामाला एवढं पुरलं.

त्याच 2024-25 च्या मोसमात गोव्याचाच चर्चिल ब्रदर्स 40 गुणांनिशी पहिला आला, करंडकही हातात घेतला, आणि जुलै 2025 मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने गुणांचा वाद निकालात काढून विजेतेपद इंटर काशीला दिलं. लवादाचा निर्णय नियमांनुसार असेल. पण एका लीगचा पहिला नंबर मैदानापासून इतक्या लांब आणि इतक्या उशिरा ठरावा, हे व्यवस्थेचं अपयश आहे. हा तोच चर्चिल, जो जानेवारी 2014 मध्ये कोचीत फेडरेशन कप जिंकला आणि त्याच मोसमात आय-लीगमधून खाली गेला. मैदानावरचे असे चढउतार कितीही विचित्र असले तरी माणसाला ते समजतात, पचतात.

वरच्या श्रेणीचं काय? सुपर लीग 2014 ला सुरू झाली. आय-लीग जिंकून 2023 ला पंजाब वर गेला, 2024 ला मोहम्मेडन. ही दारं उघडली त्याचा मला आनंद आहे. पण 2024-25 ला मोहम्मेडन तळाला राहिले आणि तरी खाली कुणी गेलं नाही. मोहम्मेडनच्या चाहत्यांचं मन दुखावलं तरी मी म्हणेन की त्यांनी खाली जायला हवं होतं, आणि त्यांच्या जागी माझा धेंपो असता तरी मी हेच लिहिलं असतं. वर यायला दार असेल तर खाली जायलाही हवं. नाहीतर एप्रिलमधले तळाचे सामने कशासाठी खेळायचे, आणि अण्णांसारख्या माणसाने रात्री वहीत काय मांडायचं?

मुंबईची लीग आजही श्रेणींमध्ये खेळली जाते. वांद्र्याचं मैदान 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांच्या नावाचं आहे. तिथे आणि कुपरेजला आजही वाडीवस्तीचे क्लब वर येण्यासाठी आणि खाली न जाण्यासाठी खेळतात. तिथे बसून ओरडायला माणसं हवी आहेत. एखाद्या संध्याकाळी जा, आणि गेलात तर तक्त्यात शेवटून दुसरा असलेल्या संघाच्या बाजूने बसा.