गोदेच्या पुराची वही

गेल्या भाद्रपदात पितृकार्याच्या निमित्ताने आम्ही सहकुटुंब नाशिकास गेलो होतो. रामकुंडावरील विधी आटोपल्यावर मुलांच्या हट्टास्तव दुतोंड्या मारुतीपाशी थोडा वेळ थांबलो. नाशिककरांचे पूर मोजण्याचे माप म्हणजे हा मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीशी आले, अशा भाषेतच येथे पुराची वार्ता घरोघर पोहोचते; आणि नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी चढले म्हणजे तो महापूर!

आमचे आजोबा पंचवटीत राहत. रोज सकाळी अंगणातील पर्जन्यमापक पाहून पाऊस टिपून ठेवण्याचा त्यांचा नेम संध्येइतकाच कडक होता. १९६९ च्या महापुरात पाणी घराच्या कितव्या पायरीस लागले व केव्हा ओसरू लागले, हेही त्यांनी त्याच वहीत लिहिले होते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या एका चुलत्यांनी मोठ्या हौसेने ती वही संगणकात उतरवून फ्लॉपीवर घेतली. वहीस कसर लागली होती. ती रद्दीत गेली. आज फ्लॉपी आमच्यापाशी आहे, पण ती वाचता येत नाही. एका जाणत्या गृहस्थांनी जुने यंत्र मिळवून खटपट केली. परंतु चकतीवरील चुंबकीय ठसाच पुसट झाला होता. चुलत्यांस दोष तरी कसा द्यावा? त्या वेळी आम्ही सर्वांनी त्यांचे कौतुकच केले होते.

ही चुटपुट मनात घेऊनच आम्ही दुपारी दिंडोरी रस्त्याने निघालो. १९५९ साली स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सारे नाशिक ‘मेरी’ म्हणते, ती याच रस्त्यावर. राज्याच्या जलविज्ञान विभागाचे कार्यालयही येथेच. सुट्टीचा दिवस असल्याने फाटकाबाहेरूनच दर्शन घडले. गावोगावच्या केंद्रांवर सकाळी साडेआठ वाजता मोजलेला पाऊस आणि नद्यांच्या पाणीपट्ट्यांवर वाचलेली पातळी यांची नोंद येथे जमा होते. १९९५ साली जागतिक बँक व नेदरलँड्स यांच्या साहाय्याने जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून जुन्या नोंदवह्यांतील आकडे संगणकात भरण्याचे काम हाती घेण्यात आले.

आकडे भरले म्हणजे ते टिकले, असे मात्र नव्हे. दर काही वर्षांनी साधन बदलते, आज्ञावली बदलते. आकडे वेळोवेळी नव्या घरी हलवावे लागतात आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या गावी ठेवाव्या लागतात. शिवाय आकड्यासोबत त्याचे कुळ-गोत्रही जपावे लागते. दुतोंड्या मारुतीचेच पाहा ना! वरच्या अंगास गंगापूरचे धरण झाले, कुंडांच्या परिसरात काँक्रीट ओतले गेले. मग आजोबांच्या वेळची ‘कमर’ आणि आजची ‘कमर’ एकच कशी धरावी? कोणी मोजले, कशाने मोजले, शून्य कोठे मानले, हे लिहिलेले नसेल तर आकडा पोरका होतो.

जुना कागद केव्हा उपयोगी पडेल याचा नेम नसतो. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीचे चुंबकत्व खवळले, त्याची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. त्या वादळाचा जोर अजमावण्यासाठी शास्त्रज्ञांनी २००३ साली तीच नोंद पुढे ठेवली. मध्ये एकशे चव्वेचाळीस वर्षे गेली होती! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस भूकंप झाला. धरणावरील यंत्राने टिपलेले त्याचे हादरे आजही देशोदेशींचे अभियंते धरणाच्या बळाचा हिशेब करताना वापरतात.

घरी परतल्यावर धाकट्या मुलाने ती फ्लॉपी पाहावयास मागितली. अशी वस्तू त्याने जन्मात पाहिली नव्हती. उलटसुलट करून त्याने तिच्यावरील कागदी चिठ्ठी मोठ्याने वाचली. चुलत्यांच्या वळणदार अक्षरात तिच्यावर शाईने लिहिले होते : ‘आण्णांचा पाऊस’. मग त्याने विचारले, “यात किती पाऊस आहे?”